दोन ताफे, एक समुद्र: धुळ्यातल्या नकाशा-सरावाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

धुळ्यात संरक्षण सेवांच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींचा एक अभ्यासगट चालतो. साक्री, शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर, शहादा अशा ठिकाणांहून मुलं येतात. बहुतेकांच्या घरी शेती. समुद्र पाहिलेले मोजकेच, कारण आमच्याकडचं मोठं पाणी म्हणजे तापी, आणि ती सुरतेजवळ समुद्राला मिळते तेव्हा आमच्यापासून फार लांब गेलेली असते. गटात लष्कराचं नाव आधी निघतं, नौदलाचं क्वचित.

तरी नौदलाची माहिती मुलांना तोंडपाठ होती. अमेरिकेसोबतचा ‘मलबार’ सराव १९९२ मध्ये सुरू झाला, फ्रान्ससोबतचा सराव १९९३ पासूनचा आणि त्याला ‘वरुण’ हे नाव २००१ मध्ये मिळालं, जपान २०१५ पासून मलबारचा कायमचा भागीदार झाला, हे कुणालाही झोपेतून उठवून विचारावं. पण दोन देशांची जहाजं एकत्र निघतात म्हणजे निघण्याआधी नेमकं काय काय ठरवावं लागतं, हे विचारलं की सगळे गप्प. मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. आणि मुलाखत बाजूला ठेवली तरी, ज्यांना उद्या गणवेश घालायचा आहे त्यांना हे कळलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून गटाने नकाशावर एक सराव घेतला. त्यात जे घडलं ते इथे मांडतो आहे. माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पंच म्हणून नौदलाच्या संदेशवहन शाखेतून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. मुलं त्यांना चीफसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मांडलेली परिस्थिती

नौदलं काल्पनिक, भूगोल खरा. ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ अशी दोन मित्र नौदलं एडनच्या आखातात व्यापारी जहाजांना संरक्षण देण्यासाठी एकत्र ताफा पाठवणार. उत्तरेकडे तीन लढाऊ जहाजं आणि एक तेलवाहू जहाज. दक्षिणेकडे दोन फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, आणि हेलिकॉप्टरं वाहणारं एक मोठं जहाज, पण तेलवाहू नाही. उत्तरेचा ताफा मुंबईहून निघणार, दक्षिणेचा हिंदी महासागरातून वर येणार, आणि सोकोत्रा बेटाच्या पूर्वेला दोघांची गाठ पडणार.

मुंबई ते एडन अंतर साधारण १,६५० सागरी मैल. ताशी १५ सागरी मैलांनी गेलं तर ११० तास, म्हणजे साडेचार दिवसांहून थोडं जास्त. हा हिशेब मुलांनी स्वतः केला तेव्हाच पहिल्यांदा समुद्र किती मोठा आहे ते त्यांच्या अंगावर आलं. साडेचार दिवस इंजिन चालू, आणि वाटेत पंप नाही.

तेल मोजायला चीफसाहेबांनी साधी युक्ती केली. प्रत्येक जहाजासाठी स्टीलची एक वाटी, वाटीत दादर ज्वारीचे दाणे. नकाशावर जहाज एक चाल पुढे सरकलं की ठरलेले दाणे वाटीतून काढून डब्यात टाकायचे. वेग वाढवला तर दुप्पट दाणे. वाटी अर्ध्यावर आली की जहाजाने गस्त सोडून तेल घ्यायलाच हवं, हा नियम. शिंदखेड्याची एक मुलगी दाणे मोजायला बसली होती आणि ती कुणालाही एक दाणा सवलत देत नव्हती.

पहिली आखणी

दोन्ही गटांना तयारीला पुरेसा वेळ दिला होता. तो वेळ कशात गेला, हे या प्रकरणातलं पहिलं लक्षात घेण्यासारखं ठिकाण आहे. जवळजवळ सगळा वेळ जहाजांच्या यादीत गेला: कुठल्या जहाजावर कुठलं क्षेपणास्त्र, रडार किती लांबचं पाहतं, हेलिकॉप्टर किती. त्यानंतर दोन्ही गट एकत्र बसले आणि त्यांनी एक संयुक्त निवेदन लिहिलं. भाषा सुरेख होती. “दोन्ही ताफे परस्पर विश्वासाने आणि पूर्ण समन्वयाने कार्य करतील” हे त्यातलं मुख्य वाक्य. सगळ्यांनी सह्या केल्या.

चीफसाहेबांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “ठीक आहे. निघा.”

कुठे अडलं

पहिली अडचण गाठ पडली त्याच चालीत आली. दक्षिणेच्या एका फ्रिगेटची वाटी अर्ध्याखाली गेली होती. दक्षिणेचा प्रमुख अमळनेरचा मुलगा. त्याने शांतपणे तेल मागितलं. उत्तरेचा प्रमुख शिरपूरचा. हुशार मुलगा, हिशेबात पक्का. तो म्हणाला, आमच्या तेलवाहू जहाजाचा साठा आम्ही आमच्या तीन जहाजांसाठी पूर्ण मुदतीचा धरलाय, तुमचं धरलेलंच नाही. अमळनेरच्या मुलाने समजून घेतलं होतं की मित्र आहेत म्हणजे देतीलच. त्याच्या तोंडून आपसूक अहिराणी निघाली, “पन तेल सरनं ते काय करसूत, भाऊ?”

उत्तरेने शेवटी तेल दिलं. पण चीफसाहेबांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला. तेल द्यायचं म्हणजे दोन जहाजं ३०–५० मीटरच्या अंतरावर समांतर, सारख्या वेगाने चालणार. आधी एक बारीक दोरी डागून पलीकडे पाठवायची, तिच्या मागून जाड दोर, त्याच्या मागून नळी. दोन्ही जहाजांमध्ये अंतर दाखवणारी एक दोरी ताणून धरतात आणि तिच्यावर ठरावीक अंतराने रंगीत निशाणं असतात, म्हणजे सुकाणूवरच्या माणसाला नजरेनेच कळतं की आपण जवळ येतोय की लांब जातोय. “तुमच्या नळीचं तोंड त्यांच्या जहाजाला बसतं का? बंदरात तपासलंत? संकटात दोर तोडून सुटायचा इशारा दोघांचा एकच आहे का?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. पंचांनी दोन चाली दंड दिला.

दुसरी अडचण नकाशावरची. गस्तीचं क्षेत्र पाच पट्ट्यांत विभागलं होतं. उत्तरेने पश्चिमेकडून एक, दोन, तीन असे आकडे दिले, दक्षिणेने पूर्वेकडून. निवेदनात ‘पट्टा चार’ एवढंच होतं. मदतीची हाक आली तेव्हा हेलिकॉप्टर बरोबर उलट्या बाजूच्या पट्ट्यात गेलं.

हे पोरखेळ वाटेल, पण तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू जहाजावर विमान उतरवताना डेकवरचा माणूस हातातल्या फळ्यांनी वैमानिकाला खुणा करायचा. ब्रिटिश पद्धतीत ती खूण म्हणजे हुकूम: हात वर म्हणजे ‘वर जा’. अमेरिकी पद्धतीत ती खूण म्हणजे माहिती: हात वर म्हणजे ‘तू जास्त वर आहेस’. म्हणजे खूण एकच असून वैमानिकाने करायचं ते उलट. दोन मित्र नौदलांचे वैमानिक एकमेकांच्या डेकवर उतरायचे तर आधी कुणाची खूण चालणार हे ठरवावंच लागे. चीफसाहेबांनी दोन वह्या हातात धरून हे करून दाखवलं, तेव्हा आधी हसणारी मुलं गप्प झाली.

तिसरी अडचण सर्वांत महागात पडली. रात्रीची वेळ, एका मालवाहू जहाजाभोवती वेगवान होड्या फिरत असल्याची खबर. सर्वांत जवळ दक्षिणेची फ्रिगेट. उत्तरेच्या प्रमुखाने तिला जायला सांगितलं. दक्षिणेचा प्रमुख म्हणाला, आमच्या नियमाप्रमाणे इशाऱ्याची गोळीसुद्धा राजधानीला विचारल्याशिवाय झाडता येत नाही. मग प्रश्न आला, तू कोण मला सांगणारा? भांडण झालं नाही, दोघंही सभ्यपणे बोलत राहिले. त्या बोलण्यात मालवाहू जहाज हातचं गेलं.

पहिली फेरी तिथेच थांबवली. चीफसाहेबांनी खिशातलं निवेदन काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, यातल्या कुठल्या वाक्याने तुम्हाला आज मदत केली?

समोरचे पर्याय

पुढच्या बैठकीआधी मुलांनी वाचन केलं. हुकूम कुणाचा, या एकाच प्रश्नावर तीन वाटा पुढे आल्या. प्रत्येकीमागे खरा इतिहास आहे.

पहिली वाट: एकच सेनापती, सगळी जहाजं त्याच्या हाताखाली, आणि बाकी तयारी वाटेत. हे १९४२ मध्ये जावा समुद्रात झालं. अमेरिकी, ब्रिटिश, डच आणि ऑस्ट्रेलियन जहाजांचा मिळून ताफा, प्रमुख डच रिअर अ‍ॅडमिरल कारेल डोरमन. पाच क्रूझर, नऊ विनाशिका. सेनापती एकच होता, पण एकत्र सराव झालेला नव्हता, संदेशांची एक पुस्तिका नव्हती, हुकूम भाषांतर होऊन पुढे जात होते. २७ फेब्रुवारीच्या लढाईत ब्रिटिश क्रूझर ‘एक्झेटर’ला गोळा लागला आणि ती रांगेतून वळली. मागच्या जहाजांना वाटलं, वळायचा हुकूम आला असावा, म्हणून तीही वळली. रांग मोडली. त्या रात्री ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ ही दोन्ही डच क्रूझर बुडाली, डोरमनही गेले. शौर्यात कुणीच कमी पडलं नव्हतं. मुलांनी हे वाचल्यावर ‘एकच सेनापती नेमला की काम झालं’ हा आग्रह बराच उतरला.

दुसरी वाट: हुकूम कुणाचाच कुणावर नाही, फक्त वेळापत्रक जुळवायचं. याचंही खरं उदाहरण त्याच एडनच्या आखातातलं आहे. भारतीय नौदलाची गस्त तिथे २००८ पासून आहे, आणि २०१२ मध्ये भारत, चीन आणि जपान यांनी आपापल्या संरक्षण-फेऱ्यांच्या वेळा आपसात जुळवल्या. कुणी कुणाच्या हाताखाली गेलं नाही, तरी एकाच दिवशी तिघांच्या फेऱ्या आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, असं होणं टळलं. ज्यांचे आपसातले संबंध गुंतागुंतीचे आहेत त्यांच्यासाठी ही वाट शहाणपणाची आहे. आमच्या गटातल्या काहींना हीच पसंत होती. पण अचानक हाक आली तर वेळापत्रक पुरत नाही, हे पहिल्या फेरीनेच दाखवलं होतं.

तिसरी वाट १९४४–४५ ची, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त शिकवणारी. सप्टेंबर १९४४ मध्ये क्वेबेकच्या परिषदेत चर्चिल यांनी जपानविरुद्धच्या मुख्य मोहिमेसाठी ब्रिटिश ताफा देऊ केला आणि रूझवेल्ट यांनी तो स्वीकारला. अमेरिकी नौदलाचे प्रमुख अ‍ॅडमिरल किंग यांना हे नको होतं. त्यांची अट कडक होती: ब्रिटिशांनी आपलं तेल, दारूगोळा, सुटे भाग सगळं स्वतःचं आणावं. २२ नोव्हेंबर १९४४ ला ब्रिटिश पॅसिफिक ताफा अधिकृतपणे उभा राहिला. त्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल फ्रेझर डिसेंबरात पर्ल हार्बरला जाऊन अमेरिकी पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल निमिट्झ यांच्याशी बसले आणि एकेक बाब ठरवून घेतली.

त्यात काय ठरलं ते पाहिलं की तयारी म्हणजे काय ते समजतं. ब्रिटिश जहाजांनी आपल्या संदेशपुस्तिका बाजूला ठेवून अमेरिकी पुस्तिका घेतल्या. जगातल्या सर्वांत जुन्या अभिमानाच्या नौदलांपैकी एकाने दुसऱ्याची सांकेतिक भाषा शिकून घेतली, ही साधी गोष्ट नाही. जहाजांवर अमेरिकी संपर्क अधिकारी बसवले. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळचिन्हात मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवर लाल सूर्य, तेव्हा आपल्याच मित्राने गोळी घालू नये म्हणून तो ठिपका गेला आणि चिन्ह अमेरिकी धर्तीचं झालं. फ्रेझर हुद्द्याने मोठे, म्हणून समुद्रावर ताफा व्हाइस अ‍ॅडमिरल रॉलिंग्ज यांनी नेला. मार्च १९४५ पासून हा ताफा ‘टास्क फोर्स ५७’ म्हणून अमेरिकी अ‍ॅडमिरल स्प्रूअन्स यांच्या हाताखाली जपानच्या ओकिनावा बेटाच्या मोहिमेत उतरला आणि साकिशिमा बेटांवरच्या धावपट्ट्या बंद पाडायचं काम त्याच्याकडे आलं.

दुखणं उरलं ते तेलाचं. तळ सिडनीला, लढाई ओकिनावाकडे, सरळ रेषेतसुद्धा सुमारे ७,००० किलोमीटर. मध्ये न्यू गिनीच्या उत्तरेकडच्या मानुस बेटाचा आधार. ब्रिटिश तेलवाहू जहाजं अपुरी, आणि बऱ्याचदा तेल घेण्याची रीत जहाजामागे नळी सोडून, जी अमेरिकी समांतर पद्धतीपेक्षा हळू. हवा बिघडली की नळ्या तुटायच्या. कागदावरची अट कडक असूनही प्रत्यक्ष जागेवरच्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी मदत केली, पण त्या मदतीवर कुणी आखणी उभी केली नव्हती. अमळनेरच्या मुलाने हे वाक्य दोनदा वाचून दाखवलं.

निर्णयाचा क्षण

तिसरी वाट पटली, तरी शिरपूर आणि अमळनेर यांच्यात एक गाठ सुटत नव्हती. आपलं जहाज दुसऱ्याच्या हुकमाखाली द्यायचं आणि तरी ते आपलंच राहणार, हे कसं? “एकतर माझं, नाहीतर तुझं” असं अमळनेरचं म्हणणं.

तेव्हा साक्री तालुक्यातली एक मुलगी बोलली. ती एरवी फार बोलत नाही. तिचं गाव पांझरेच्या काठचं, जिथे फड पद्धतीची जुनी सिंचनव्यवस्था आहे. ती म्हणाली, फडात शेत माझ्या बापाच्या नावावर आहे. सातबारा त्याचा, पीक त्याचं, विकायचं का ठेवायचं तेही तोच ठरवतो. पण पाणी कधी लावायचं ते पाटकरी ठरवतो. बाप स्वतःच्या शेताचं बारं स्वतः फोडत नाही. म्हणून काय शेत पाटकऱ्याचं झालं?

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. नौदलाच्या भाषेत जहाजावरचा पूर्ण अधिकार आपल्या देशाकडे राहतो. ठरलेल्या कामापुरतं, ठरलेल्या मुदतीपुरतं, ठरलेल्या क्षेत्रापुरतं नियंत्रण दुसऱ्याला दिलं जातं. माणसांच्या बदल्या, शिस्त, शिक्षा, जहाज परत बोलावणं हे मालकाकडे. आज रात्री कुठल्या पट्ट्यात जायचं, हे पाटकऱ्याकडे. खोलीतल्या प्रत्येकाने फड पाहिलेला किंवा ऐकलेला होता. त्यानंतर त्या मुद्द्यावर वाद झाला नाही.

वाद पुढच्या मुद्द्यावर झाला, आणि तो व्हायलाच हवा होता: पाटकऱ्याने सांगितलेलं न ऐकण्याचा हक्क किती? दक्षिणेचे काही नियम त्यांच्या सरकारचे होते, ते अमळनेरच्या मुलाला बदलता येणार नव्हते. शिरपूरच्या मुलाला हे पळवाट वाटलं. बराच वेळ गेल्यावर मधला रस्ता निघाला. नकाराचा हक्क राहील, पण काय काय नाकारणार त्याची यादी निघण्याआधीच एकमेकांना द्यायची. यादीत नाही ते समुद्रावर नाकारायचं नाही. उत्तरेलाही यादी द्यावी लागली, आणि गंमत नाही तर शिकण्यासारखी बाब अशी की उत्तरेची यादी दक्षिणेपेक्षा मोठी निघाली. स्वतःला बिनधास्त समजणाऱ्याला आपल्या अटी दिसत नाहीत.

काय केलं

नव्या आराखड्यात गस्तीचं नियंत्रण उत्तरेकडे आणि सर्व हेलिकॉप्टरांचं दक्षिणेकडे गेलं. अर्ध्या मुदतीनंतर प्रमुख बदलावा, म्हणजे कुणाला कमीपणा नको, अशी सूचना आली होती; ती बाजूला ठेवली. मला हा निर्णय योग्य वाटतो. मान राखण्यासाठी मधेच हुकूम बदलला की बदलाच्या दिवशी दोन्ही बाजू थोड्या सैल पडतात. मान राखायचाच तर काम वाटून राखावा.

तेलाचा हिशेब सहाही लढाऊ जहाजांचा एकत्र मांडला गेला. भेटीच्या वेळा आणि जागा आधीच ठरल्या, तेलवाहू जहाज बंद पडलं तर ओमानच्या सलालाह बंदरात आळीपाळीने कोण जाणार हेही. खऱ्या जगात यासाठीच करार होतात: भारताने अमेरिकेशी २०१६ मध्ये, फ्रान्सशी २०१८ मध्ये, ऑस्ट्रेलिया आणि जपानशी २०२० मध्ये परस्परांना रसद पुरवण्याचे करार केले. मुलांना हे करार परीक्षेचे मुद्दे म्हणून माहीत होते. वाटीतले दाणे संपल्यावर ते कशासाठी आहेत ते कळलं.

पट्ट्यांचे आकडे एक झाले. घड्याळ एक झालं: दोघांनी आपापली स्थानिक वेळ सोडून ग्रिनिच वेळ घेतली, ज्याला नौदलात झुलू म्हणतात. भारतीय वेळेहून साडेपाच तास मागे. आणि दोन्ही टेबलांवर एकेक संपर्क अधिकारी बसवला. साक्रीची मुलगी उत्तरेकडून दक्षिणेच्या टेबलावर गेली.

दुसरी फेरी

तेलवाहू जहाज खरंच बंद पाडलं गेलं. गडबड झाली नाही. एक फ्रिगेट सलालाहकडे वळली, गस्तीचे पट्टे पाचाचे चार झाले, आणि शिंदखेड्याच्या मुलीने सगळ्या वाट्या तपासून एकही अर्ध्याखाली नसल्याचं सांगितलं.

रात्रीची हाक आली तेव्हा दक्षिणेची फ्रिगेट लगेच निघाली. गोळीचा प्रश्न नकाराच्या यादीत आधीच होता, म्हणून उत्तरेचं जहाज तिच्या मागोमाग पाठवलेलं होतं. हेलिकॉप्टर बरोबर पट्ट्यात पोचलं. मालवाहू जहाज वाचलं आणि होड्यांतली माणसं ताब्यात आली.

तिथे गाडं अडलं. ताब्यात घेतलेली माणसं हेलिकॉप्टर-जहाजावर, म्हणजे दक्षिणेच्या. दक्षिणेच्या कायद्यात त्यांना मायदेशी नेऊन खटला चालवायची तरतूद नाही, असं परिस्थितीच्या कागदात पहिल्यापासून लिहिलेलं होतं. उत्तरेच्या कायद्यात होती, पण त्यांना उत्तरेच्या जहाजावर कधी, कुठे, कुणाच्या सहीने द्यायचं, हे कुठेच नव्हतं. सर्वांत उपयोगी जहाज दोन चाली अडकून पडलं.

हा प्रश्न पंचांनी हवेतून काढलेला नव्हता. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ हे अपहृत जहाज सोडवलं. सुमारे ४० तासांची कारवाई, १७ खलाशी सुखरूप, ३५ चाचे शरण. त्या सगळ्यांना मुंबईला आणून २३ मार्चला पोलिसांच्या हवाली केलं गेलं. त्यांच्यावर इथे खटला चालवता यावा यासाठीचा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संसदेने २०२२ च्या डिसेंबरात संमत केलेला होता. म्हणजे सोमालियाजवळच्या समुद्रात कमांडोंनी केलेल्या कामाचा शेवट मुंबईच्या पोलीस ठाण्यात आणि कोर्टात होतो, आणि ती साखळी जहाज निघण्याआधी जोडलेली असावी लागते.

वेगळं काय करता आलं असतं

तयारीचा क्रम उलटा हवा होता. जहाजांची यादी शेवटी आली तरी चालते. ती दोघांनाही माहीतच असते. आधी नकाराच्या याद्या, मग तेल, मग नकाशा-घड्याळ-संदेश, मग हुकूम. हुकमाचा वाद सुरुवातीला काढला की माणसं हट्टाला पेटतात. तेलाचा हिशेब एकत्र मांडून झाला की कोण कुणावर किती अवलंबून आहे ते दोघांनाही दिसतं आणि हुकमाचं बोलणं मऊ होतं. यावर चीफसाहेबांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते हुकूम आधीच ठरला पाहिजे, कारण तेलाच्या वादातही शेवटी कुणीतरी निर्णय द्यावा लागतो. दोन्ही क्रम करून पाहावेत असे आहेत.

पहिल्या फेरीतला दोन चालींचा दंड अपुरा होता असं मला वाटतं. तेलाच्या नळीचं तोंड बसत नसेल तर दोन चालींनी ते बसत नाही. त्या जहाजाला परत पाठवायला हवं होतं. अमळनेरच्या मुलाला ते लागलं असतं, पण खऱ्या समुद्रावर त्याच्या जागी शंभर-दीडशे माणसांचं जहाज असतं.

संपर्क अधिकारी पहिल्यापासून हवे होते. दुसऱ्या फेरीत साक्रीच्या मुलीने दक्षिणेच्या टेबलावर बसून निदान दोन गैरसमज बोलण्याआधीच मिटवले. हे कुठल्याही कागदात दिसत नाही, मी शेजारी उभा होतो म्हणून दिसलं. एकदा उत्तरेचा संदेश आला, “जवळच थांबा.” दक्षिणेचे लोक किती जवळ यावर बोलू लागले, तेव्हा तिने उठून विचारून आणलं: पाच सागरी मैल. सव्वानऊ किलोमीटर. ‘जवळ’ हा शब्द त्यानंतर कुणी वापरला नाही.

आजारी किंवा जखमी माणसाचा प्रश्न दोन्ही फेऱ्यांत आलाच नाही, तो आणायला हवा. कुठल्या जहाजावर शस्त्रक्रिया होऊ शकते, हे दोन्ही गटांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

ताब्यातल्या माणसांचं कलम लिहायचं काम साक्रीच्या मुलीने मागून घेतलं. तिच्या मसुद्यात हवाली करण्याची जागा, मुदत आणि दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत. चीफसाहेबांनी तो दोन प्रश्न लिहून परत केला आहे: त्या माणसांशी बोलणारा दुभाषा कुणाच्या जहाजावरचा, आणि त्यांना तपासणारा डॉक्टर कुणाचा? तिसरी फेरी ही उत्तरं आल्यावर.